जळीत खटल्यात ‘तज्ज्ञ’ साक्षीदाराचा उलटतपास: सुरुवात पंचनाम्यापासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात एप्रिल २०२३ मध्ये रात्री एक कवेलूचं (कौलारू) घर आणि त्याला लागून असलेला गोठा जळाला. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चुलतभावाशी जुना वाद होता, म्हणून चुलतभाऊ आरोपी झाला आणि तुम्ही त्याचे वकील आहात. आग लावताना पाहणारा कोणी नाही. नगर परिषदेच्या अग्निशमन अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलंय, ‘ज्वलनशील द्रव पदार्थ ओतून दोन ठिकाणी आग लावल्याचे दिसून येते.’ सी.ए. रिपोर्ट (सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतो की मातीच्या नमुन्यात पेट्रोलियम हायड्रोकार्बनचे अवशेष आढळले. पुढच्या तारखेला त्या अधिकाऱ्यांची साक्ष आहे आणि उलटतपास कुठून सुरू करावा हे तुम्हाला सुचत नाही.

ज्या कुटुंबाचं घर जळालं ते उघड्यावर आलेलं असतं. आग कोणी खरोखर लावली असेल तर त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम ४३६ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे (नव्या भारतीय न्याय संहितेत हे कलम ३२६ (जी) झालं), आणि तुमच्या खटल्यात वादाचं कारण सोडलं तर सगळा भार ‘दिसून येते’ या दोन शब्दांवर आहे. ते कोणाला दिसलं, कशात दिसलं आणि त्यातून हाच निष्कर्ष का निघतो, हे विचारणं तुमचं काम आहे. अधिकाऱ्यांच्या निष्कर्षाशी भांडू नका. जळालेल्या घरापासून त्या निष्कर्षापर्यंत ते कसे पोचले, ती वाट त्यांच्याच तोंडून पायरी-पायरीने रेकॉर्डवर आणा. खेड्यातल्या जळीत प्रकरणात त्या वाटेवरच्या बऱ्याच पायऱ्या मुळात नसतातच, हा माझा अनुभव आहे.

कायद्याची बाजू मजबूत आहे, म्हणून ती लवकर आटोपतो. पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली (नव्या साक्ष्य अधिनियमात कलम ३९) त्या विषयात विशेष प्रावीण्य असलेल्याचंच मत ग्राह्य आहे. कलम ५१ म्हणतं की मत ज्या कारणांवर उभं आहे ती कारणंही सुसंगत आहेत. ‘हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल’ (१९९९) हा निकाल सोबत न्या. तो सफरचंदाच्या बागांबद्दल आहे, पण त्यातलं तत्त्व इथे जसंच्या तसं लागू होतं: तज्ज्ञाने त्या विषयाचा खास अभ्यास किंवा अनुभव दाखवला पाहिजे, आणि निष्कर्ष बरोबर की चूक हे न्यायालयाला स्वतः तपासता येईल असे शास्त्रीय निकष समोर ठेवले पाहिजेत. ‘राहुल विरुद्ध दिल्ली राज्य’ (२०२२) मध्ये डीएनए अहवाल निशाणी पडलेला (पुराव्यात दाखल झालेला) होता. तरी त्यामागची पद्धत विश्वासार्ह रीतीने वापरली गेली का, हे खालच्या न्यायालयांनी पाहिलंच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. डीएनएच्या बाबतीत हे लागू असेल, तर राखेत पाहून दिलेल्या मताच्या बाबतीत ते जास्तच लागू आहे.

आता कागद. साक्षीच्या तारखेआधी जे मिळेल ते मिळवा. आपल्याकडे आग लागली की पोलीस ठाण्यात बहुतेकदा आधी अकस्मात जळीत म्हणून नोंद होते, आणि वादाची गोष्ट निघाली की काही दिवसांनी गुन्हा दाखल होतो. ती पहिली नोंद आणि स्टेशन डायरी मागा. नुकसानभरपाईसाठी तलाठ्याने केलेला पंचनामा वेगळा असतो, तो तहसीलमध्ये सापडतो. त्यात पुष्कळदा ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचे समजते’ असं वाक्य असतं आणि ते लिहिताना कोणाच्या मनात आरोपी नसतो. महावितरणच्या उपकेंद्राचं लॉगबुक मागा. त्या रात्री त्या फीडरवर वीज होती का, ट्रिपिंग झालं होतं का, हे त्यातून कळतं. अग्निशमन केंद्राचं वर्दी रजिस्टर मागा: वर्दी किती वाजता आली, गाडी किती वाजता निघाली, पोचली, परतली. हे सगळं दंड प्रक्रिया संहितेच्या (दंप्रसं) कलम ९१ च्या अर्जाने मागता येतं (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ९४). काही कागद माहिती अधिकारातही मिळतात, पण त्याला वेळ लागतो.

हे कागद शेजारी ठेवून अग्निशमन अधिकाऱ्यांचा अहवाल पुन्हा वाचा. गाडी तालुक्याच्या गावाहून आली. ती येईपर्यंत गावकऱ्यांनी मोटर लावून पाणी मारलं. ढोरं सोडवायला गोठ्याची कुडाची भिंत पाडली. कवेलू खाली आले, बल्ल्या आणि फाटे जळत जमिनीवर पडले. दुसऱ्या दिवशी माणसांनी जळालेल्या धान्यातून वाचलेलं पोतं शोधण्यासाठी राख उपसली. अधिकाऱ्यांनी ‘घटनास्थळाची पाहणी’ केली ती कोणत्या अवस्थेची? आग विझवायला गेलेले अधिकारी तेच आणि कारण शोधणारेही तेच असतील, तर आग विझवताना त्यांनी स्वतः काय हलवलं? ढिगारा थराथराने उपसून पाहिला का? फोटो कोणी काढले, कधी, कोणत्या बाजूने? जागेचा मोजमापाचा नकाशा आहे का? हे प्रश्न साधे आहेत आणि त्यांची उत्तरं खरीच द्यावी लागतात. अधिकारी अपमानित होत नाहीत, चिडत नाहीत, आणि तरी त्यांच्या मताखालची जमीन निघत जाते.

एक प्रश्न आवर्जून विचारा: जागेवर जाण्याआधी कोणावर संशय आहे हे पोलिसांनी सांगितलं होतं का? पोलिसांच्या पत्रातच ‘आरोपीने पेट्रोल टाकून घर जाळले असून त्याबाबत अभिप्राय द्यावा’ असं लिहिलेलं असतं. असं पत्र असेल तर ते निशाणी पाडून घ्या. ज्याला उत्तर आधी सांगितलंय त्याने तेच उत्तर शोधून दिलं, यात अप्रामाणिकपणा असतोच असं नाही. माणसाची नजर तशी वळते, आणि न्यायालयाने त्या मताला किती वजन द्यायचं हे ठरवताना ते समोर असलं पाहिजे.

आता मूळ गाभ्याकडे येऊ, म्हणजे आगीच्या खुणांकडे. इथे तुम्हाला अभ्यास करावा लागेल, कारण अभ्यासाशिवाय विचारलेला एक प्रश्नही साक्षीदाराला व्याख्यान देण्याची संधी देतो.

अग्निशमन दलांमध्ये जगभर काही ठोकताळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. जमिनीवर डबक्यासारखी वेडीवाकडी जळालेली जागा दिसली की तिथे द्रव ओतला होता. लाकूड चकचकीत आणि मोठ्या चौकटींत फुटून जळालं की आग झपाट्याने, म्हणजे पेट्रोलने लागली. काचेवर बारीक जाळीदार तडे म्हणजे अतिवेगाने वाढलेली उष्णता. कोब्याचे, फरशीचे टवके उडाले म्हणजे तिथे इंधन पेटलं. दोन जागी खोल जळालं म्हणजे दोन जागी आग लावली. यातला प्रत्येक ठोकताळा प्रयोगात एक तर कोसळला आहे किंवा फार मर्यादित उरला आहे. काच जाळीदार तडकते ती तापलेली असताना पाणी पडल्यामुळे, म्हणजे आग विझवणाऱ्यांच्याच पाण्याने. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ओकलंडच्या टेकड्यांवर वणव्यात हजारो घरं जळाली, तेव्हा अभ्यासकांनी त्यातली ५० घरं तपासली. कोणीही पेट्रोल न ओतलेल्या त्या घरांत तडकलेली काच, वितळलेला धातू, टवके उडालेलं काँक्रीट, सगळ्या ‘संशयास्पद’ खुणा होत्या.

त्याच वर्षी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये एका जळीत खटल्यात सरकार पक्षाच्याच तज्ज्ञांनी शेजारचं तसंच घर मिळवून, सामान तसंच मांडून, कोणतंही इंधन न वापरता एक सोफा पेटवला. साडेचार मिनिटांच्या आसपास सगळी खोली एकाच वेळी पेटली आणि जमिनीवर तशाच खुणा उमटल्या ज्यांना आधी ‘पेट्रोल ओतल्याच्या’ म्हटलं होतं. आरोप मागे घेण्यात आले. खोलीच्या वरच्या भागात साचलेला तापलेला धूर आणि वायू साधारण पाच-सहाशे अंश सेल्सिअसला पोचले की खालच्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदम पेट घेतात. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर जिथून हवा येते तिथे, म्हणजे दारा-खिडकीजवळ, सगळ्यात खोल जळतं. आग सुरू कुठे झाली याच्याशी त्या खोल जळालेल्या जागेचा संबंध असेलच असं नाही. २००५ मध्ये लास वेगासला असाच प्रयोग झाला. दोन खोल्या फ्लॅशओव्हरनंतर दोनेक मिनिटं जळू दिल्या आणि ५३ तपासनिसांना विचारलं की आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली. प्रत्येक खोलीसाठी फक्त ३ जणांचं उत्तर बरोबर आलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी यापेक्षा जास्त जण बरोबर ठरले असते.

या सगळ्याची किंमत काय, हे टेक्सासच्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम खटल्यात दिसतं. १९९१ मध्ये घराला लागलेल्या आगीत त्याच्या तीन मुली गेल्या. जमिनीवरच्या खुणा आणि तडकलेली काच पाहून तपासनिसांनी आग लावल्याचं सांगितलं आणि २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. २००९ मध्ये टेक्सासच्याच न्यायवैद्यक आयोगासाठी अहवाल देणाऱ्या अग्निशास्त्रज्ञाने त्या निष्कर्षांना शास्त्रीय आधार नव्हता असं लिहिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही २००९ च्या अहवालात म्हटलं की लाकडाच्या जळण्याची ठेवण आणि ठरावीक खुणांवरून इंधन वापरल्याचं सांगणारे कित्येक ठोकताळे खरे नसल्याचं दिसून आलं आहे.

हे जसंच्या तसं न्यायालयात वाचून दाखवलंत तर न्यायाधीश विचारतील, याचा आपल्या गावातल्या कवेलूच्या घराशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. म्हणून फ्लॅशओव्हर हा शब्द सरसकट वापरू नका. तुमच्या खटल्यातला गोठा दोन बाजूंनी उघडा आहे. तिथे धूर साचत नाही, फ्लॅशओव्हर होणं अवघड. कवेलूच्या छतातूनही उष्णता निसटते. हा मुद्दा तिथे मांडलात आणि अधिकाऱ्यांनी तो हाणून पाडला, तर तुमचे बाकीचे चांगले मुद्देही पातळ होतील. घराच्या बंद खोलीपुरता तो ठेवा, तोही स्लॅब, टीन किंवा माळा असेल तर.

आपल्या घरांना आपले प्रश्न लागतात. माळ्यावर कुटार (पिकाचा वाळका भुसा) होतं का? भाव वाढेल म्हणून कापूस घरातच रचून ठेवला होता का? कापूस ज्वाळेशिवाय आतल्या आत बराच काळ धुमसतो आणि हवा लागली की दुसरीकडेच पेट घेतो. अंगणात पऱ्हाटी, तुराट्या (कपाशीची, तुरीची वाळकी झाडं) रचल्या होत्या का? ताडपत्री, खताची प्लास्टिकची पोती, ठिबकच्या नळ्या कुठे होत्या? हे प्लास्टिक वितळून जळत जळत खाली ठिबकतं आणि जमिनीवर नेमकी ती ‘डबक्यासारखी’ खूण सोडतं. एप्रिलच्या वाऱ्यात जळतं कुटार उडून गोठ्यावर पडलं तर आग ‘दोन ठिकाणी’ लागलेली दिसेल, लावणारा कोणीही नसताना. घर आणि गोठ्यामधलं अंतर अहवालात आहे का? वाऱ्याची दिशा? नसेल तर ‘दोन स्वतंत्र जागी’ हे मत त्यांनी कशावरून दिलं? वरची जळती बल्ली पडून खाली दुसरी जागा पेटू शकते हे त्यांना मान्य आहे का? मान्य करावंच लागेल, कारण प्रत्येक अग्निशमन कर्मचाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

दुसरा कच्चा दुवा आहे वगळत जाण्याच्या तर्काचा. ‘शॉर्ट सर्किट आढळले नाही, चूल विझलेली होती, वीज पडली नव्हती, सबब आग मुद्दाम लावली असावी.’ बाकीची कारणं सापडली नाहीत म्हणून उरलेलं कारण सिद्ध, ही रीत एनएफपीए ९२१ या आगीच्या तपासाच्या अमेरिकन मार्गदर्शिकेने २०११ च्या आवृत्तीत स्पष्टपणे अशास्त्रीय ठरवली. ती मार्गदर्शिका १९९२ पासून निघते आणि जगभर तिचा हवाला दिला जातो. भारतीय न्यायालयावर ती बंधनकारक नाही, पण तर्क तर साधा आहे. शॉर्ट सर्किट ‘आढळले नाही’ म्हणजे काय केलं? वायर शोधून जमा केल्या का? तांब्याच्या वायरवर वितळलेले मणी दिसले का, आणि विद्युत निरीक्षकांना बोलावलं का? मणी दिसले म्हणून आग विजेने लागली असंही सिद्ध होत नाही. त्या वेळी वायरमध्ये वीज होती इतकंच त्यावरून कळतं. पण मणी शोधलेच नसतील तर ‘विद्युत कारण नाही’ हे मत शोध न घेता दिलेलं आहे. गावात डीपीवरून आकडा टाकलेला असतो, मीटरच्या पुढे जुनी जोडलेली वायर असते, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही पंचनाम्यात येत नाही.

इथे एक धोका सांगतो. ‘आग शॉर्ट सर्किटनेच लागली’ अशी सूचना साक्षीदाराला देऊ नका. आग कशाने लागली हे सिद्ध करणं आपलं ओझं नाही. तुम्ही एक कारण ठामपणे मांडलंत आणि ते टिकलं नाही, तर तोच नकार तुमच्याविरुद्ध वापरला जातो. ‘ही शक्यता आपण तपासून वगळलेली नाही, हे म्हणणे खरे आहे?’ इतक्यावर थांबा.

आता सी.ए. रिपोर्ट. खूप वकील इथे हात टेकतात, कारण प्रयोगशाळेचं नाव मोठं असतं. प्रयोगशाळा चुकली असं म्हणण्याची गरज बहुतेकदा नसतेच. नमुन्यात जे होतं ते त्यांनी सांगितलं. प्रश्न आहे, नमुन्यात ते कुठून आलं?

शेतकऱ्याच्या घरात पेट्रोलियमजन्य पदार्थ किती असतात ते मोजा. फवारणीची बरीच द्रव कीटकनाशकं, विशेषतः ईसी (पाण्यात मिसळून फवारायच्या) प्रकारची, पेट्रोलियम द्रावकातच बनवलेली असतात. पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप आणि त्याची ऑइल मिसळलेली बाटली कोपऱ्यात असते. मोटरसायकल ओसरीत उभी असते. कंदिलासाठी, चूल पेटवायला ठेवलेलं रॉकेल असतं. गोठ्याच्या जमिनीवर डिझेल-ऑइल सांडलेलं असतं. म्हणून ‘पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ हा शब्द अपुरा आहे. ते पेट्रोल होतं की रॉकेल, डिझेल की औषधाचं द्रावक? आरोपीकडून कॅन जप्त झाली असेल, तर तिच्यातल्या इंधनाशी ते जुळवून पाहिलं का? गॅस क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याची चाचणी) केली असेल तर आलेख असतोच. तो आलेख आणि विश्लेषकाची कामाची नोंद मागवून घ्या. प्लास्टिक जळाल्यावरही हायड्रोकार्बनची मालिका निघते, आणि ती इंधनापासून वेगळी ओळखायला आलेखच लागतो. सगळ्यात महत्त्वाचं: न जळालेल्या भागातून तुलनेसाठी नमुना घेतला होता का? अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या मातीतही तेच अवशेष असते, तर या अहवालाला अर्थच उरत नाही. तुलनेचा नमुना मी पंचनाम्यात क्वचितच पाहिला आहे.

नंतर नमुन्याचा प्रवास बघा. जळीताचा नमुना हवाबंद धातूच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवायचा असतो. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ बाहेर जाते आणि बाहेरची आतही येते. पंचनाम्यात ‘प्लास्टिक पिशवीत भरून लेबल व सील केले’ असं असेल तर तिथेच थांबून वाचा. पुढे बघा, आरोपीने काढून दिलेली पेट्रोलची कॅन त्याच दिवशी, त्याच शिपायाने जप्त केली का? ती कॅन आणि मातीची पिशवी मुद्देमाल खोलीत शेजारी होत्या का? एकाच खोक्यात, एकाच गाडीने नागपूरच्या किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत गेल्या का? ही उपकरणं अत्यंत सूक्ष्म प्रमाणातला अंश पकडतात, त्यामुळे शेजारचा वाफारासुद्धा पुरतो. याउलट, मातीचा नमुना महिनोन्‌महिने तसाच राहिला तर मातीतले जिवाणू हायड्रोकार्बन खातात आणि मूळ ठेवण बदलते. यवतमाळच्या मे महिन्यात बिनपंख्याच्या खोलीत पडलेल्या नमुन्याचं काय होत असेल याची कल्पना करा. मुद्देमाल रजिस्टर, पाठवणीचं पत्र, घेऊन जाणाऱ्या शिपायाचा जबाब आणि प्रयोगशाळेची पोच, या चार कागदांवरच्या तारखा आणि सीलचं वर्णन एकाखाली एक लिहून काढा. खटला पुष्कळदा त्या कागदावरच उलगडतो.

सी.ए. रिपोर्ट निशाणी पडताना गप्प बसू नका. दंप्रसं कलम २९३ मुळे (नवं कलम ३२९) ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना न बोलावता वाचता येतो, पण न्यायालय त्यांना बोलावू शकतं. लेखी अर्ज द्या आणि अर्जात नेमकं कारण लिहा: अवशेषाचा प्रकार, तुलनेचा नमुना, आलेख. ‘उलटतपास घ्यायचा आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज फेटाळला जातो. अहवालावर सही करणाऱ्याचं पद कलमाच्या यादीत बसतं का तेही बघा. अग्निशमन अधिकारी मात्र त्या यादीत नाहीत. त्यांचा कागद त्यांच्याशिवाय सिद्ध होत नाही, म्हणून कलम २९४ खाली त्यावर ‘मान्य’ लिहू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या खटल्यांत तर जास्त जपा: कलम ३३० नुसार अहवालावर कोणी हरकत घेतल्याशिवाय तज्ज्ञाला बोलावलंच जाणार नाही.

अधिकाऱ्यांच्या पात्रतेबद्दल दोन शब्द. त्यांचा अनुभव खरा असतो आणि तो नाकारू नका. आग विझवण्याचं धाडस आणि कौशल्य वेगळं, आगीचं कारण शोधण्याचं प्रशिक्षण वेगळं. नागपूरलाच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तिथे त्यांचं कोणतं प्रशिक्षण झालं, त्यात कारणांच्या तपासाचा भाग किती होता, याआधी त्यांनी दिलेलं मत प्रयोगशाळेने किंवा प्रयोगाने कधी पडताळलं गेलं का, हे आदराने विचारा. ‘मी इतक्या वर्षांत शेकडो आगी पाहिल्या’ असं उत्तर आलं तर एकच प्रश्न: त्यातल्या किती आगींचं कारण नंतर स्वतंत्रपणे तपासून आपलं मत बरोबर ठरल्याचं आपल्याला कळवलं गेलं? साक्षीत ‘मी सांगू शकत नाही’ असं आलं की पुढे जा. त्या उत्तरावर दुसरा प्रश्न विचारून ते दुरुस्त करू देऊ नका.

साक्ष मराठीत लिहिली जाते, साहेब अर्धं इंग्रजीत बोलतात आणि लिहून घेताना अर्थ बदलतो. ‘असू शकते’ म्हणालेलं ‘आहे’ म्हणून उतरलं तर तिथल्या तिथे उभे राहा आणि शब्द दुरुस्त करून घ्या. जळीत खटल्यात ‘शक्यता आहे’ आणि ‘झाले आहे’ यांतल्या अंतरावर माणसाची सुटका अवलंबून असते.

बचावाचा स्वतःचा तज्ज्ञ आणावा का? परवडत असेल आणि माणूस खरा जाणकार असेल तर जरूर, दंप्रसं कलम २३३ खाली. नागपूरच्या अभियांत्रिकी आणि रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थांतले प्राध्यापक निदान प्रयोगशाळेच्या अहवालातली पोकळी समजावून सांगू शकतात. अशील गरीब असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तज्ज्ञाच्या खर्चासाठी लेखी मागणी करा, लोकअभिरक्षक (गरिबांसाठी सरकारी बचाव वकील) कार्यालयातल्या सहकाऱ्यांनीही ती करत राहावी. पण कच्चा तज्ज्ञ आणण्यापेक्षा न आणलेला बरा. सरकारी वकील त्याच्यावर हेच सगळे प्रश्न उलटवतील.

शेवटच्या युक्तिवादात ‘शरद बिरधीचंद सारडा’ (१९८४) हा निकाल तुम्ही वाचणारच, कारण खटला परिस्थितीजन्य पुराव्याचा आहे. तज्ज्ञाचं मत त्या साखळीतली पहिली कडी आहे हे ठळक सांगा: आग लावली गेली हेच सिद्ध नसेल तर ती कोणी लावली हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि धुऱ्याचा वाद तेवढ्याने पुरावा होत नाही. सरकार पक्ष पुरावा कायद्याच्या कलम १०६ चा आधार घेऊन आरोपीने खुलासा द्यावा म्हणेल. ‘शंभूनाथ मेहरा’ (१९५६) पासून हे ठरलेलं आहे की सरकार पक्षाने आपलं ओझं आधी उचलल्याशिवाय ते कलम लागू होत नाही.

वर्दी रजिस्टर, पाठवणीचं पत्र आणि आलेख पुढच्या तारखेपर्यंत हाती आले नाहीत, तर दंप्रसं कलम २३१(२) खाली उलटतपास राखून ठेवण्याचा अर्ज द्या. अर्जात प्रत्येक कागदाचं नाव आणि तो कोणत्या प्रश्नासाठी हवा ते लिहा, आणि कागद मागितल्याच्या आधीच्या अर्जाची पोच जोडा. अर्ज नामंजूर झाला तर कारणांसह आदेश मागा आणि उपलब्ध कागदांवर उलटतपास पूर्ण करा. कागद नंतर मिळाले की कलम ३११ खाली साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज करता येतो. तोही नामंजूर झाला, तर हे दोन्ही आदेश नागपूर खंडपीठासमोर अपिलात उपयोगी पडतात.